यंत्राची चूक की मेंदूतील बदल?

मेंदूच्या एमआरआय तपासणीची फिल्म उजेडासमोर धरून पाहिली तर तिच्या काही चौकटींखाली 'डीडब्ल्यूआय' आणि 'एडीसी' अशी अक्षरे दिसतात. पक्षाघाताच्या रुग्णाबाबत डॉक्टरांची नजर बहुधा प्रथम याच चौकटींकडे वळते. ही चित्रे मेंदूच्या रचनेची नसून तेथील पाण्याच्या हालचालीची असतात. विसरण-प्रतिमा या नावाने ओळखले जाणारे हे तंत्र आज पक्षाघात, कर्करोग आणि मज्जातंतूंचा अभ्यास या तिन्ही क्षेत्रांत रुळले आहे. मात्र ज्या यंत्राने ही हालचाल मोजली जाते, त्याच्या स्वतःच्या चुकाही त्याच आकड्यांत मिसळतात. एखाद्या गाठीतील आकडा दोन महिन्यांत १० टक्क्यांनी वाढला, तर औषध लागू पडले असे समजायचे की रुग्ण या वेळी यंत्रात थोडा वेगळ्या जागी झोपला होता असे समजायचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत इकडेतिकडे भटकत असतात. या भटकण्याचे माप म्हणजे विसरणांक. तो दर सेकंदाला चौरस मिलिमीटर या एककात सांगतात. आकडे लहान असल्याने येथे ते हजारांशांत दिले आहेत. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा विसरणांक सुमारे ३ असतो. मेंदूच्या पेशीजालात पडदे, तंतू आणि पेशीभित्तिका वाटेत येत असल्याने तो ०.७ ते ०.८ इतकाच भरतो. एका मापनासाठी लागणाऱ्या सुमारे ५० मिलिसेकंदांत मेंदूतील पाण्याचा रेणू एका दिशेने सरासरी ८ मायक्रोमीटर सरकतो. हे अंतर पेशीच्या आकाराच्या आसपासचे आहे. म्हणूनच मिलिमीटरभर बारकाव्याचे चित्र काढणारे यंत्र त्याहून शेकडो पटींनी लहान रचनेविषयी काही सांगू शकते.

ही हालचाल मोजण्याची युक्ती ई. ओ. स्टेजस्कल आणि जे. ई. टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. मुख्य चुंबकक्षेत्रावर काही मिलिसेकंदांपुरता एक उतार चढवायचा, म्हणजे एका बाजूला क्षेत्र किंचित जास्त आणि दुसऱ्या बाजूला किंचित कमी करायचे. त्यामुळे प्रत्येक जागच्या हायड्रोजन अणुकेंद्रांवर त्या जागेची खूण उमटते. थोड्या वेळाने तितकाच उलट परिणाम करणारा उतार देऊन ती खूण पुसायची. जो रेणू जागचा हलला नाही त्याची खूण पूर्ण पुसली जाते. जो हलला त्याची अर्धवट पुसली जाते आणि तेवढा संदेश क्षीण होतो. उतार किती तीव्र, किती वेळ आणि किती अंतराने दिला यावरून 'बी' नावाची एक राशी ठरते. मेंदूच्या नेहमीच्या तपासणीत ती १००० असते. त्या मूल्याला ०.७ विसरणांक असलेल्या भागाचा संदेश जवळपास निम्मा उरतो, तर मेंदूभोवतालच्या द्रवाचा जेमतेम ५ टक्के. डेनिस ले बिहान यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास हे तंत्र मेंदूच्या प्रतिमांसाठी वापरले. १९९० मध्ये मायकेल मोझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांवरील प्रयोगांत असे दाखविले, की रक्तपुरवठा तुटल्यावर तासाभराच्या आत त्या भागातील विसरण घटते. नेहमीच्या एमआरआय चित्रात मात्र तेव्हा काहीच दिसत नसते. १९९४ मध्ये पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ले बिहान यांनी निरनिराळ्या दिशांतील विसरण एकत्र मांडण्याची गणिती पद्धत दिली. त्यातूनच पुढे मज्जातंतूंच्या जुड्यांची रंगीबेरंगी चित्रे निघू लागली.

ही चित्रे इतकी देखणी असतात, की ती थेट छायाचित्रे असल्याचा भास होतो. वस्तुतः ती शेकडो मोजमापांवरून काढलेले अनुमान असतात आणि प्रत्येक मोजमापाच्या मुळाशी एक गृहीतक असते: यंत्राला जेवढा उतार द्यायला सांगितला, तेवढाच त्याने दिला. यंत्रे हे गृहीतक अनेक प्रकारांनी मोडतात.

यंत्रातील उतार निर्माण करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांना ग्रेडियंट कॉइल म्हणतात. त्यांतून जाणारा प्रवाह क्षणात चालू आणि क्षणात बंद होतो; तपासणीच्या वेळी ऐकू येणारा ठकठक आवाज याच वेटोळ्यांचा. बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे जवळच्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हा फॅरडेचा नियम शाळेत शिकविला जातो. एमआरआयच्या चुंबकाला अतिशीत ठेवणारे पात्र धातूचेच असते. त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात आणि मूळ उतार संपल्यावरही काही काळ स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण करीत राहतात. विसरणासाठी दिलेले उतार तीव्र आणि दीर्घ असल्याने हा परिणाम येथे अधिक जाणवतो, आणि नेमका त्याच वेळी प्रतिमेचा संदेश वाचला जात असतो. परिणामी चित्र एका बाजूस सरकते, ताणले जाते किंवा पत्त्यांचा गठ्ठा तिरपा ढकलावा तसे कलते. उताराची दिशा बदलली की विकृतीही बदलते. तीस किंवा साठ दिशांनी काढलेली चित्रे मग एकमेकांवर नीट बसत नाहीत. मेंदूच्या कडेला एका चित्रात पेशीजाल असते तेथे दुसऱ्यात नुसता द्रव असतो. गणित हा फरक दिशेनुसार बदलणारे विसरण समजते आणि जेथे तंतू नाहीत तेथे तंतूंची चकचकीत किनार रंगवते.

या दोषावर पहिला उपाय यंत्रातच होतो. पीटर मॅन्सफिल्ड आणि बॅरी चॅपमन यांनी १९८६ मध्ये सुचविलेली कवचयुक्त वेटोळी बाहेर जाणारे क्षेत्र बरेचसे रोखतात. उरलेला परिणाम आधीच हिशेबात धरून प्रवाहाचा आकार मुद्दाम थोडा बदलून दिला जातो. २००३ मध्ये टी. जी. रीस व सहकाऱ्यांनी उतारांचे दोन जोडांत विभाजन करून भोवरा-प्रवाहांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची क्लृप्ती दिली. तिची किंमत म्हणजे संदेश वाचायला थोडा उशीर होतो आणि तो फिका पडतो. राहिलेली दुरुस्ती संगणकावर केली जाते. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेल्या आणि २०१६ मध्ये येस्पर अँडरसन व स्टॅमाटिओस सोटिरोपूलोस यांनी सविस्तर वर्णन केलेल्या पद्धतीत संगणक बाकीच्या सर्व दिशांच्या चित्रांवरून एखादे चित्र कसे दिसायला हवे याचा अंदाज बांधतो आणि प्रत्यक्ष चित्र त्या अंदाजाशी जुळेपर्यंत सरकवतो.

दुसरा दोष रुग्णाच्या शरीरामुळेच उद्भवतो, तरीही तो यंत्राच्या वाचनपद्धतीमुळे फुगतो. हवा आणि पेशीजाल यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्याने नाकामागील पोकळ्या आणि कानाच्या आसपास चुंबकक्षेत्र थोडे वाकते. हा फरक दशलक्षात एखाद-दुसऱ्या भागाचा असतो. पण ३ टेस्ला यंत्रात दशलक्षात एक भाग म्हणजे सुमारे १२८ हर्ट्झ. विसरण-प्रतिमा मॅन्सफिल्ड यांच्या १९७७ मधील अतिवेगवान पद्धतीने, एका दमात वाचली जाते. त्या वाचनात एका दिशेला शेजारच्या दोन बिंदूंमधील अंतर २० हर्ट्झच्या आसपासच असते. साध्या भागाकाराने कळते, की तेवढ्या फरकाने चित्र सहा बिंदूंहून अधिक सरकेल. बिंदू २ मिलिमीटरचा धरला तर सव्वा सेंटिमीटर. कपाळामागचा मेंदू त्यामुळे चेपल्यासारखा किंवा ओढल्यासारखा दिसतो. शस्त्रक्रियेपूर्वी गाठ आणि तंतू यांतील अंतर पाहणाऱ्या शल्यविशारदाला सव्वा सेंटिमीटर ही क्षुल्लक बाब नव्हे.

यावरचा उपाय विलक्षण साधा आहे. तेच चित्र दोनदा काढायचे, दुसऱ्यांदा वाचनाची दिशा उलटी ठेवून. पहिल्या चित्रात जो भाग पुढे सरकला तो दुसऱ्यात तितकाच मागे सरकतो, आणि खरी जागा दोहोंच्या मध्ये असते. एच. चँग आणि जे. एम. फिट्झपॅट्रिक यांनी १९९२ मध्ये ही कल्पना मांडली. २००३ मध्ये अँडरसन, स्टीफन स्केअर आणि जॉन अॅशबर्नर यांनी ती विसरण-प्रतिमांसाठी वापरण्याजोगी केली. एका चित्रात जेथे अनेक बिंदूंचा संदेश एकाच ठिकाणी गोळा होतो, तेथे तो वेगळा करण्याचा मार्ग त्या चित्रात उरत नाही. उलट दिशेच्या चित्रात मात्र तोच भाग पसरलेला असतो. हे अतिरिक्त चित्र काढायला फारसा वेळ लागत नाही. तरीही अनेक ठिकाणी ते काढलेच जात नाही, आणि मागाहून कितीही हळहळ केली तरी ती माहिती परत मिळत नाही.

वरील दोन्ही दोषांत चित्राचा आकार बिघडतो, म्हणून ते निदान डोळ्यांना दिसतात. तिसरा दोष आकड्यांत लपतो आणि म्हणूनच अधिक घातक आहे. ग्रेडियंट वेटोळी चुंबकाच्या केंद्राजवळ सरळ, एकसारखा उतार देतात. केंद्रापासून दूर तो वाकतो, कोठे कमी तर कोठे जास्त होतो. यामुळे होणारी आकाराची विकृती बहुतेक यंत्रे आपोआप सुधारून देतात. चित्र सुबक दिसते आणि काम झाले असे वाटते. परंतु विसरण मोजण्यासाठी वापरलेला उतारही त्या जागी वेगळाच होता, ही गोष्ट आकार सुधारल्याने बदलत नाही. 'बी' ही राशी उताराच्या वर्गावर अवलंबून असते. उतार ५ टक्के कमी पडला तर 'बी' आणि त्यापाठोपाठ विसरणांक सुमारे १० टक्के कमी भरतो. रोलंड बामर व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या चुकीचे विश्लेषण करून प्रत्येक बिंदूसाठी उताराची खरी तीव्रता आणि दिशा काढण्याची सर्वसाधारण रीत दिली.

दहा टक्क्यांचे महत्त्व पक्षाघाताच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्तवाहिनीतील गुठळी उशिराने काढण्याचा फायदा कोणाला होईल हे तपासणाऱ्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या 'डिफ्यूज ३' या चाचणीत मेंदूचा कायमचा गमावलेला भाग ७० मिलिलिटरपेक्षा कमी असणे ही एक अट होती. एमआरआयमध्ये हा भाग ओळखण्यासाठी विसरणांक ०.६२ पेक्षा कमी ही सीमारेषा संगणकप्रणाली वापरते. ज्या भागाचा खरा विसरणांक ०.६८ आहे, तो वरील चुकीमुळे ०.६१ मोजला जाईल आणि जिवंत असूनही गमावलेल्यांत जमा होईल. सुदैवाने डोके बहुधा केंद्राच्या जवळच असते, त्यामुळे तेथे चूक कमी होते.

स्तनांच्या तपासणीत हे सुदैव उरत नाही. रुग्ण पालथी झोपलेली असते आणि स्तन केंद्रापासून दोन्ही बाजूंना दूर असतात. शस्त्रक्रियेपूर्वी औषधोपचार घेणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांवरील 'अॅक्रिन ६६९८' या अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीत नेमका हाच प्रश्न पुढे आला. उपचाराने कर्कपेशी मरू लागल्या की पाण्याला मोकळीक मिळून विसरणांक वाढतो. ही वाढ उपचाराचा परिणाम आधीच सांगू शकेल का, हे या चाचणीत तपासायचे होते. डेव्हिड न्यूइट व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले, की उताराच्या वक्रतेची दुरुस्ती केल्यावर निरनिराळ्या यंत्रांवरील आकडे अधिक अचूक होतात. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार बारा आठवड्यांनंतरचा बदल उपचाराचे फलित काही प्रमाणात सूचित करतो. काही प्रमाणातच, हे लक्षात ठेवायला हवे. रुग्ण दर वेळी त्याच यंत्रात त्याच जागी झोपली तर टक्केवारीतील बदलात यंत्राची चूक बरीचशी कटून जाते. पण रुग्णालय बदलले, यंत्र बदलले किंवा जागा सरकली की ती पुन्हा उघडी पडते.

एखादे यंत्र किती चुकते हे कळण्यासाठी अशी वस्तू हवी, जिचा विसरणांक आधीपासून निश्चित ठाऊक आहे. पाणी हा सर्वांत सोपा पर्याय. अडचण अशी, की सामान्य तापमानाला पाण्याचा विसरणांक अंशामागे दोन टक्क्यांहून अधिक बदलतो. खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी बदलले की यंत्राची चूक कोणती आणि हवामानाची कोणती हे सांगता येत नाही. मिशिगन विद्यापीठातील थॉमस चेनेव्हर्ट व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये यावर घरगुती वाटावा असा तोडगा काढला. पाण्याची नळी बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणात ठेवायची. बर्फ वितळत असेपर्यंत मिश्रणाचे तापमान शून्य अंशावर टिकून राहते, मग ते यंत्र मुंबईत असो वा मिशिगनमध्ये. शून्य अंशाला पाण्याचा विसरणांक १.१ असतो आणि हा आकडा शरीरातील पेशीजालांच्या आसपासचाच आहे. 'बी' १००० असताना या नळीचा संदेश एक-तृतीयांश उरायला हवा. तो तसा उरला नाही, तर दोष पाण्याचा नाही. दारिया माल्यारेंको, चेनेव्हर्ट व सहकाऱ्यांनी ही नळी अनेक रुग्णालयांतील यंत्रांत ठेवून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. केंद्रस्थानी यंत्रांचे आकडे एकमेकांशी छान जुळत होते. केंद्रापासून दूर गेल्यावर मात्र काही यंत्रांत दहा टक्क्यांहून मोठी तफावत दिसली आणि तिचे मुख्य कारण उताराची वक्रता हेच निघाले.

बर्फाच्या नळीने एकच आकडा तपासता येतो. म्हणून अमेरिकेच्या 'निस्ट' या राष्ट्रीय मानक संस्थेच्या सहभागाने एक गोल भांडे तयार झाले. त्यात १३ कुप्या असतात आणि त्यांतील पाण्यात पीव्हीपी हे बहुवारिक शून्यापासून ५० टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या प्रमाणात मिसळलेले असते. हा पदार्थ म्हणजे जखमेवरच्या पोव्हिडोन-आयोडिन औषधातील पोव्हिडोन. तो जितका अधिक तितकी पाण्याची वाट अडते, आणि बर्फात ठेवल्यावर विसरणांक १.१ पासून सुमारे ०.१ पर्यंत उतरत जातो.

उताराच्या वक्रतेची दुरुस्ती करायची तर वेटोळ्यांच्या रचनेचे गुणांक लागतात. निर्माते ते सहसा गोपनीय ठेवतात, त्यामुळे संशोधकांना करार करून ते मिळवावे लागतात किंवा नळ्या वेगवेगळ्या जागी ठेवून स्वतः मोजावे लागतात. रुग्णाच्या निदानाशी थेट संबंध असलेली माहिती व्यापारी गुपित असावी, हे पटण्याजोगे नाही. 'ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'मध्ये, जेथे सुमारे १२०० निरोगी तरुणांच्या मेंदूंची चित्रे काढली गेली, ही दुरुस्ती प्रत्येक बिंदूसाठी करण्याची सोय होती. तेथील यंत्राचा उतार मीटरला १०० मिलिटेस्ला, म्हणजे नेहमीच्या यंत्रांच्या दुपटीहून अधिक, आणि डोकेही केंद्रापासून काही सेंटिमीटर वर राहत असे. विसरणाची चित्रे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे अशा दोन्ही वाचनदिशांनी काढलेली होती.

काही दोष अधिक खट्याळ असतात. डॅनियल गॅलिचन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखविले, की उतारांच्या ठोक्यांनी रुग्णाचा पलंगच थरथरतो. डावी-उजवी दिशा मोजताना मेंदूच्या मागील-वरच्या भागातील संदेश त्यामुळे गळतो आणि तेथे आडवे तंतू असल्याचा आभास होतो. दीर्घ तपासणीत यंत्र तापते आणि संदेश हळूहळू काही टक्क्यांनी ढळतो. यासाठी उतार न दिलेली चित्रे तपासणीच्या आरंभीच न काढता मधूनमधून पेरण्याचा सल्ला श्योर्ड व्होस व सहकाऱ्यांनी दिला. 'बी' फार वाढविल्यास संदेश विद्युत गोंगाटाच्या पातळीला टेकतो. एमआरआयमध्ये संदेशाचे केवळ परिमाण नोंदले जात असल्याने हा गोंगाट शून्याभोवती न फिरता नेहमी धन बाजूलाच राहतो, आणि विसरणांक खऱ्याहून कमी दिसतो.

डोके हलणे हा खरे तर यंत्राचा दोष नव्हे. पण त्याने केलेली फसवणूक सर्वांत बोलकी आहे. स्वमग्न मुलांच्या मेंदूतील तंतू दुर्बल असल्याचे निष्कर्ष बरीच वर्षे प्रसिद्ध होत होते. कामी कोल्डेविन, अनास्तासिया येंदिकी, नॅन्सी कॅनविशर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दोन्ही गटांतील मुलांची हालचाल सारखी असेल अशा चित्रांचीच तुलना केली. तेव्हा सर्वदूर दिसणारे फरक विरले आणि उजव्या बाजूच्या एकाच तंतुजुडीतील फरक उरला. ज्या पालकांनी आधीचे मथळे वाचले, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती कितपत पोहोचली असेल? हालचाल सुधारतानाही एक खाच आहे. चित्र फिरवून सरळ केले तर उताराच्या दिशांचा तक्ताही तितकाच फिरवावा लागतो, हे अलेक्झांडर लीमन्स आणि डेरेक जोन्स यांना २००९ मध्ये स्वतंत्र लेख लिहून सांगावे लागले.

इतके करूनही दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मग संख्याशास्त्राची मदत घेतली जाते. जनुकांच्या अभ्यासासाठी २००७ मध्ये तयार झालेली 'कॉम्बॅट' ही पद्धत जाँ-फिलिप फोर्टिन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये विसरण-प्रतिमांना लावली. ती प्रत्येक यंत्राचा ठसा ओळखून वजा करते. मात्र सगळे रुग्ण एका यंत्रावर आणि सगळे निरोगी दुसऱ्या यंत्रावर तपासले असतील, तर यंत्राचा ठसा कोणता आणि रोगाचा कोणता हे कोणत्याही गणिताला सांगता येणार नाही.

रोजच्या वैद्यकीय व्यवहारासाठी उत्तर अमेरिकेच्या रेडिओलॉजी संघटनेने २००७ मध्ये सुरू केलेल्या 'किबा' या उपक्रमाने काही मर्यादा ठरवून दिल्या. तपासणी ठरलेल्या नियमांनी, त्याच यंत्रावर केलेली असेल, तर मेंदूतील गाठीचा विसरणांक ११ टक्के किंवा त्याहून अधिक बदलला तरच तो बदल ९५ टक्के खात्रीने खरा धरावा. यकृतासाठी ही मर्यादा २६ टक्के आहे आणि पुरस्थ ग्रंथीसाठी ४७ टक्के. तपासणीच्या अहवालात विसरणांकाचा आकडा दशांशचिन्हानंतर दोन-तीन स्थळांपर्यंत छापलेला असतो. ही मर्यादा मात्र त्याच्या शेजारी क्वचितच आढळते.